'तीनपैकी दोन' आलं कुठून?

सिस्टिम डिझाइनच्या इंटरव्ह्यूची तयारी करणाऱ्या मंडळींकडून एक वाक्य हमखास ऐकायला मिळतं. "कॅप थिअरम म्हणतो की कन्सिस्टन्सी, अव्हेलेबिलिटी आणि पार्टिशन टॉलरन्स या तीनपैकी दोनच निवडता येतात." वाक्य पाढ्यासारखं पाठ असतं. पण समोरच्याने "बरं, मग या डिझाइनमध्ये तू कुठले दोन निवडलेस आणि का?" असं विचारलं की गाडी अडते. कोणी म्हणतं, "एपी, कारण स्केल पाहिजे." कोणी म्हणतं, "सीपी, कारण पैशांचा मामला आहे." दोन्ही उत्तरं तशी चुकीची नाहीत. पण दोन्हींत 'का' नाही.

मी या टेबलाच्या दोन्ही बाजूंना बसलोय, आणि माझं मत असं झालंय की ही अडचण हुशारीची नाही, इतिहासाची आहे. हे सगळे ट्रेड-ऑफ आपल्याला तयार उत्तरं म्हणून शिकवले जातात. ती मुळात कोणत्या प्रश्नांची उत्तरं होती, हे कोणी सांगत नाही. म्हणून या वीकेंडला थोडा इतिहास. घाबरू नका, सनावळ्या फार नाहीत (म्हणजे, आहेत थोड्या).

१९७५ : एकाच वहीच्या अनेक प्रती

तेव्हा महाजाल नव्हतं, त्याचा पूर्वज अर्पानेट होता. बीबीएन या कंपनीतल्या पॉल जॉन्सन आणि रॉबर्ट थॉमस या दोघांपुढे एक साधा वाटणारा प्रश्न होता. नेटवर्कवर येणाऱ्या माणसाची ओळख पटवायची तर वापरकर्त्यांची यादी हवी. ती एकाच संगणकावर ठेवली आणि तो बंद पडला, तर कोणालाच आत येता येणार नाही. म्हणून प्रती अनेक ठिकाणी ठेवायच्या. पण मग एका प्रतीत केलेला बदल बाकीच्या प्रतींत कसा आणि कधी पोचणार?

जानेवारी १९७५ मध्ये त्यांनी यावर एक टिपण लिहिलं. ते आरएफसी ६७७ या क्रमांकाने आजही वाचायला मिळतं. त्यांनी काढलेली तोड अशी : प्रत्येक बदलावर वेळ आणि तो कुठल्या संगणकावर झाला ते लिहायचं. दोन बदल एकमेकांशी भांडले तर नंतरच्या वेळेचा जिंकला. वेळ तीच असेल तर संगणकांचा ठरलेला क्रम पाहायचा. बदल थांबले आणि सगळ्यांना एकमेकांशी बोलायला पुरेसा वेळ मिळाला, की सगळ्या प्रती शेवटी सारख्या होतील, एवढंच त्यांनी कबूल केलं होतं.

ओळखीचं वाटतंय ना? आज आपण ज्याला 'इव्हेंच्युअल कन्सिस्टन्सी' म्हणतो, ते हेच. नोएसक्यूएलची लाट यायच्या तीसेक वर्षं आधीचं. याच टिपणात आणखी एक बारीक मुद्दा आहे : एखादी नोंद खोडायची असेल तर ती लगेच पुसून टाकायची नाही, 'खोडली' अशी खूण करून ठेवायची. नाहीतर दुसऱ्या प्रतीतून ती परत उगवते. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

त्याच वर्षी अक्कोयुनलू, एकनाधम आणि ह्युबर या तिघांनी एक पेपर लिहिला. त्याच्या शीर्षकातच 'ट्रेडऑफ्स' हा शब्द आहे. त्यात गुंडांच्या दोन टोळ्यांची गोष्ट येते. दोघांना एकाच वेळी हल्ला करायचाय, पण निरोप पोचेलच याची खात्री नाही. मी निरोप पाठवला. तो तुला मिळाला का? तू 'मिळाला' म्हणून कळवलंस. पण ते मला कळलं हे तुला कसं कळणार? पोच, पोचेची पोच, तिची पोच... संपतच नाही. १९७८ मध्ये जिम ग्रे यांनी गुंडांचे सेनापती केले आणि 'टू जनरल्स' हे नाव रूढ झालं.

हे कोडं म्हणून सोडून देऊ नका. यूपीआयने पैसे पाठवताना कधीकधी 'पेंडिंग' दिसतं, त्यामागे हीच टोळ्यांची गोष्ट असते. निरोप गेला, पोच आली नाही. आता पलीकडे पैसे जमा झालेत की नाही? फक्त एवढ्या माहितीवर जगातला कोणताही प्रोग्रॅमर याचं उत्तर देऊ शकत नाही. म्हणून प्रत्येक व्यवहाराला नंबर द्यायचा, नंतर चौकशी करायची, आणि तोच निरोप दोनदा आला तरी पैसे एकदाच कापले जातील अशी व्यवस्था करायची. अशक्यतेचं सिद्धांत-वाक्य पाठ असण्यापेक्षा ही व्यवस्था सुचणं महत्त्वाचं.

'आधी' म्हणजे नक्की काय?

जॉन्सन आणि थॉमस यांचं टिपण लेस्ली लॅम्पोर्ट यांच्या वाचनात आलं. त्यातला दोष त्यांना दिसला : वेगवेगळ्या संगणकांची घड्याळं मागेपुढे असतात, त्यामुळे उत्तर प्रश्नाच्या आधीचं ठरू शकतं! लॅम्पोर्ट यांची सापेक्षतावादाशी चांगली ओळख होती. 'दोन घटनांपैकी आधी कुठली' हा प्रश्न प्रत्येक वेळी अर्थपूर्ण नसतो, हे त्यांना तिथून माहीत होतं. १९७८ च्या त्यांच्या प्रसिद्ध पेपरचा गाभा हाच : एका घटनेची खबर दुसरीपर्यंत पोचू शकत असेल, तरच पहिली 'आधीची' म्हणायची. नाहीतर दोन्ही समांतर. भिंतीवरच्या घड्याळाऐवजी त्यांनी साधा मोजणारा आकडा वापरला.

मग १९८५ मध्ये फिशर, लिंच आणि पॅटरसन यांचा निकाल पूर्ण स्वरूपात प्रसिद्ध झाला. निरोपाला किती वेळ लागेल याला काहीच मर्यादा नसेल आणि एखादं जरी मशीन मरू शकत असेल, तर सगळ्यांचं एकमत नक्की होईलच अशी हमी देणारी ठरीव पद्धत असू शकत नाही. कारण साधं आहे : समोरचा मेलाय की नुसता हळू आहे, हे ओळखता येत नाही. आपण प्रत्यक्षात काय करतो? टाइमआउट लावतो. म्हणजे अंदाज करतो. तुमच्या कोडमधला तो 'तीन सेकंद' हा आकडा खरं तर एक पैज आहे. छोटा ठेवला तर जिवंत मशीनला मेलेलं ठरवाल, मोठा ठेवला तर मेलेल्याची वाट पाहत बसाल.

२००० : ब्रूअर आणि ते वाक्य

आता आपल्या पाढ्याकडे. एरिक ब्रूअर हे तेव्हा बर्कलीचे प्राध्यापक होते आणि इंकटोमी या सर्च इंजिन कंपनीचे सहसंस्थापक. सर्च इंजिनमध्ये त्यांच्यासमोर वेगळंच जग होतं. १९९७ च्या त्यांच्या गटाच्या पेपरमध्ये एक छान उदाहरण आहे : त्यांच्याकडे २६ मशीन्सवर मिळून ५ कोटी ४० लाख पानांची सूची होती. एक मशीन बंद पडलं तर सूची सुमारे ५ कोटी १० लाखांवर येई. शोधणाऱ्याला थोडं अपुरं उत्तर मिळे, पण मिळे. बँकेसाठी बनलेले डेटाबेसचे कडक नियम इथे लावले असते, तर एका मशीनपायी सगळं दुकान बंद ठेवावं लागलं असतं.

जुलै २००० मध्ये पोर्टलंडला भरलेल्या पीओडीसी परिषदेत ब्रूअर यांनी हा अनुभव एका अटकळीच्या स्वरूपात मांडला. तेच 'तीनपैकी दोन'. २००२ मध्ये सेथ गिल्बर्ट आणि नॅन्सी लिंच यांनी त्याची रीतसर सिद्धता दिली (हो, १९८५ वाल्याच लिंच). सिद्धतेची कल्पना अगदी सोपी आहे. दोन मशीन्स आहेत आणि मधली तार तुटली. इकडच्यावर नवी किंमत लिहिली. तिकडच्याला कोणी किंमत विचारली. आता त्याच्यापुढे दोनच मार्ग आहेत : जुनी किंमत सांगायची, किंवा उत्तर न देता थांबायचं. तिसरा मार्ग नाही.

इथे नीट बघा. तार तुटणं ही आपली निवड नाही. ती तुटतेच, कधी खोदकामात, कधी चुकीच्या कॉन्फिगरेशनमुळे. म्हणजे 'आम्ही पार्टिशन टॉलरन्स सोडला' हे म्हणणं 'आम्ही पाऊस न पडण्याचा पर्याय घेतलाय' असं म्हणण्यासारखं. खरी निवड एवढीच : तार तुटली असताना, चुकीचं बोलायचं की गप्प बसायचं? ब्रूअर यांनी स्वतः २०१२ च्या लेखात कबूल केलं की 'तीनपैकी दोन' ही मांडणी दिशाभूल करणारी होती. पण तोवर वाक्य पाढ्यात गेलं होतं. पाढ्यात गेलेली गोष्ट बाहेर काढणं कठीण.

२००७ : बास्केटमध्ये परत आलेली वस्तू

ॲमेझॉनने 'डायनॅमो'चा पेपर २००७ मध्ये प्रसिद्ध केला. इंटरव्ह्यूच्या तयारीत तो सगळेच वाचतात, निदान त्याची आकृती तरी. पण त्याची सुरुवात कुठून झाली ते पाहा. ॲमेझॉनने आपल्या डेटाबेसचा वापर तपासला, तेव्हा सुमारे ७० टक्के कामं 'ही किल्ली घे, एक ओळ दे' एवढ्याच स्वरूपाची निघाली. एवढ्यासाठी भारी रिलेशनल डेटाबेस कशाला?

मग त्यांनी गिऱ्हाइकाच्या बाजूने प्रश्न विचारला. शॉपिंग कार्टमध्ये वस्तू टाकताना 'आत्ता जमत नाही, नंतर या' असं सांगितलं तर काय होईल? विक्री गेली. म्हणून कार्टमध्ये टाकलेली वस्तू कधीही नाकारायची नाही, हा नियम. यासाठी डेटाच्या सहसा ३ प्रती, लिहिताना २ ची पोच, वाचताना २ ची उत्तरं. पण हीही अट कडक नाही. नेमलेल्यांपैकी एखादं मशीन मिळालं नाही तर दुसऱ्याकडे तात्पुरतं ठेवायला द्यायचं. अशात एकाच कार्टच्या दोन आवृत्त्या तयार झाल्या, तर लॅम्पोर्ट यांच्या कल्पनेतून पुढे आलेली व्हेक्टर क्लॉक्स वापरून त्या ओळखायच्या आणि दोन्ही एकत्र करायच्या.

आणि याची किंमत? पेपरमध्ये ती सरळ लिहिली आहे : टाकलेली वस्तू कधी हरवणार नाही, पण काढून टाकलेली वस्तू क्वचित परत उगवू शकते. आठवलं? १९७५ च्या टिपणातली खोडलेली नोंद! ही चूक ॲमेझॉनने डोळे उघडे ठेवून पत्करली, कारण पैसे भरण्याआधी गिऱ्हाईक कार्ट बघतं आणि नको ती वस्तू काढू शकतं. म्हणजे चूक पकडणारा माणूस साखळीत हजर आहे. हाच न्याय औषधांच्या डोसच्या नोंदीला लावून पाहा. रद्द केलेलं औषध परत यादीत उगवलं तर? तिथे चूक पकडणारा कोण असेल, हे आधी विचारावं लागेल. 'एपी कारण स्केल' या उत्तरात नेमका हाच प्रश्न गायब असतो.

तार शाबूत असतानाही

कॅपबद्दल आणखी एक तक्रार डॅनियल अबादी यांनी २०१० मध्ये मांडली. तार रोज तुटत नाही. मग उरलेल्या दिवसांचं काय? तेव्हाही एक सौदा चालूच असतो : कन्सिस्टन्सी की वेग? त्यांनी याला 'पॅसेल्क' असं उच्चारायला अवघड नाव दिलं :-) पण मुद्दा पक्का आहे.

साधा हिशेब करू. ऑप्टिकल फायबरमधून प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो. मुंबई ते अमेरिकेचा पूर्व किनारा सरळ रेषेत सुमारे १३ हजार किलोमीटर. म्हणजे नुसतं जाऊन-येऊन १३० मिलिसेकंद. केबल सरळ रेषेत नसल्याने प्रत्यक्षात जास्तच. दोन्हीकडच्या प्रती प्रत्येक बदलाला एकमेकींना विचारून चालणार असतील, तर एवढा वेळ दर वेळी द्यावाच लागणार. कितीही महाग सर्व्हर घ्या, प्रकाश ऐकत नाही.

ही किंमत कधीकधी अक्षरशः बिलावर छापलेली असते. ॲमेझॉनच्या 'डायनॅमोडीबी' या सेवेत (२०१२ मध्ये आली, जुन्या डायनॅमोपेक्षा वेगळी आहे) हमखास ताजं उत्तर हवं असेल, तर ते वाचन 'थोडं शिळं चालेल' या वाचनाच्या दुप्पट क्षमता खातं. ट्रेड-ऑफ म्हणजे काय, हे याहून सोपं करून कोण सांगणार!

याच्या दुसऱ्या टोकाला गूगलचं 'स्पॅनर', पेपर २०१२ चा. त्यांनी १९७५ चाच प्रश्न परत हातात घेतला : घड्याळं जुळत नाहीत. डेटा सेंटर्समध्ये जीपीएस आणि अणुघड्याळं बसवली, आणि घड्याळाला 'आता किती वाजले' ऐवजी 'आता या आणि या क्षणाच्या मध्ये कुठेतरी आहे' असं प्रामाणिक उत्तर द्यायला लावलं. ही अनिश्चितता साधारणपणे १० मिलिसेकंदांच्या आत. बदल पक्का करण्याआधी तेवढं थांबायचं, म्हणजे क्रम चुकत नाही. कॅप यात मोडला का? नाही. तार तुटली तर स्पॅनरही कन्सिस्टन्सीच धरतं, हे ब्रूअर यांनीच २०१७ मध्ये गूगलमधून लिहिलं. फक्त गूगलचं स्वतःचं नेटवर्क इतकं भक्कम आहे की ती वेळ फार क्वचित येते. म्हणजे निवड टळली नाही. पैसे खर्चून दुर्मिळ केली.

४३ सेकंद

हे सगळं पुस्तकी वाटत असेल, तर २१ ऑक्टोबर २०१८ ची गिटहबची गोष्ट ऐका. स्वतः गिटहबनेच ती तपशीलवार प्रसिद्ध केली आहे. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर नेटवर्कचं उपकरण बदलताना मुख्य डेटा सेंटरचा संपर्क तुटला, तो ४३ सेकंदांसाठी. बस्स. पण तेवढ्यात आपोआप फेलओव्हर करणाऱ्या यंत्रणेने ठरवलं की पूर्वेचे डेटाबेस गेले, आणि कारभार पश्चिम किनाऱ्याकडे सोपवला. टाइमआउटची पैज! पूर्वेचे डेटाबेस मेले नव्हते. त्यांच्याकडे काही नोंदी अशा होत्या ज्या पश्चिमेला पोचल्याच नव्हत्या, आणि आता पश्चिमेला नव्या नोंदी सुरू झाल्या. एकाच वहीच्या दोन खऱ्या प्रती.

गिटहबने तेव्हा एक जाणीवपूर्वक निर्णय घेतला : लोकांचा डेटा आधी, सेवा नंतर. काही सुविधा थांबवल्या, बॅकअपवरून प्रती पुन्हा उभ्या केल्या. सगळं सुरळीत व्हायला २४ तास ११ मिनिटं लागली. ४३ सेकंदांच्या बदल्यात एक पूर्ण दिवस. त्यानंतरही एका व्यग्र क्लस्टरवरच्या ९५४ न जुळलेल्या नोंदी राहिल्या, ज्यांचं काय करायचं ते तपासून ठरवावं लागणार होतं. तेव्हा 'पार्टिशन क्वचित होतं' हे खरं असलं तरी ते किती वेळ टिकतं यावर नुकसान ठरत नाही. त्या वेळात तुमच्या सिस्टिमने काय ठरवलं यावर ठरतं.

आणि रेल्वेचा कोटा

शेवटी एक घरचं उदाहरण, कारण इंटरव्ह्यूत तिकीट बुकिंगचा प्रश्न हमखास येतो. रेल्वेचं आरक्षण संगणकावर गेलं ते १९८५ पासून, दिल्लीपासून सुरुवात होऊन. त्याआधी रजिस्टरं होती. एकाच गाडीचे बर्थ वेगवेगळ्या स्टेशनांवरून विकायचे, तर दर तिकिटाला फोन करून विचारणं शक्यच नव्हतं. मग उपाय काय? कोटा. प्रत्येक स्टेशनाला आधीच काही बर्थ वाटून द्यायचे. त्या स्टेशनावरचा बाबू आपल्या कोट्यापुरता राजा. कोणाला विचारायला नको, आणि एकच बर्थ दोघांना जाण्याची भीतीही नाही.

डेटाबेसच्या जगात हीच कल्पना पॅट्रिक ओनील यांनी १९८६ मध्ये 'एस्क्रो' पद्धत म्हणून मांडली. प्रत्येक बदलाला सगळ्यांची परवानगी मागण्याऐवजी, साठ्यातला वाटा आधीच राखून ठेवायचा. फुकट मात्र काहीच नाही. एका स्टेशनाच्या कोट्यात बर्थ रिकामा राहतो आणि दुसऱ्या स्टेशनावर माणूस वेटिंग लिस्टवर ताटकळतो, हा अनुभव आपल्या घरातल्या जुन्या मंडळींना विचारा. तार तुटली तरी दोन्हीकडे विक्री चालू आणि हिशेबही बरोबर. पण किंमत भरतो तो वेटिंगवाला.

आणि मला वाटतं, या पन्नास वर्षांच्या इतिहासातून इंटरव्ह्यूला न्यायचं असेल तर ते हेच : प्रत्येक ट्रेड-ऑफमध्ये कोणीतरी किंमत भरतं, आणि ते कोण हे ठरवणं म्हणजेच डिझाइन. तेव्हा पुढच्या वेळी बोर्डावर चौकोन काढण्याआधी चार प्रश्न विचारा. तार तुटली तर हा भाग चुकीचं बोलेल की गप्प बसेल? चुकीचं बोललाच तर ती चूक कोण पकडेल, आणि कधी? तार शाबूत असताना ताज्या उत्तरासाठी किती मिलिसेकंद थांबायची आपली तयारी आहे? आणि तार जुळल्यावर दोन वह्या एक कशा करणार? हे प्रश्न सगळ्या सिस्टिमला मिळून एकदाच विचारू नका, प्रत्येक भागाला वेगळे विचारा. कार्टचं उत्तर एक असेल, पैसे कापण्याचं दुसरं, आणि 'किती जणांनी पाहिलं' या आकड्याचं तिसरंच.

उत्तरं देताना कॅपचं नाव घेतलं नाहीत तरी चालेल. समोरच्याला कळतं.

असो. चहा गार झाला. पुढच्या शनिवारी वेळ मिळाला तर पॅक्सोसची गोष्ट सांगेन. तीही ग्रीक बेटावरच्या काल्पनिक संसदेपासून सुरू होते, त्यामुळे मजा येईल.